वार्धक्यातील खुब्याचा अस्थिभंग : रोपणाची निवड

उतारवयात पडून मांडीच्या हाडाची मान मोडली आणि तुकडे जागचे सरकले, तर हाड जोडत बसण्याऐवजी खुब्याच्या सांध्यात कृत्रिम भाग बसवतात. फक्त मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बदलायचा (अर्धे रोपण) की तो ज्यात फिरतो ती वाटीही (पूर्ण रोपण), मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा रोपणाचा दांडा सिमेंटने धरायचा की नुसता घट्ट ठोकायचा, हे तिथे ठरवावे लागते. वयाचा आकडा यात दुय्यम. पडण्याआधी रुग्ण कसा चालत होता, घराबाहेर एकटा जात होता का, हे आधी विचारावे.

मोड कुठे आहे यावर पहिला निर्णय होतो. मानेच्या खाली, दोन उंचवट्यांच्या मधे मोडलेल्या हाडाला रक्त भरपूर मिळते; तिथे नेल (हाडाच्या पोकळीत घालायची सळई) किंवा प्लेट-स्क्रूने काम भागते, रोपण सहसा लागत नाही. मानेचे तसे नाही. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेलाच चिकटून वर जातात. मान सरकली की त्या तुटतात, मग हाड जुळत नाही किंवा गोळा रक्ताअभावी खचतो. गार्डन यांच्या वर्गीकरणातील पहिल्या दोन, म्हणजे न सरकलेल्या, प्रकारांत बहुधा स्क्रू घालतात. तिसऱ्या-चौथ्या प्रकारात वृद्धांसाठी रोपणच योग्य.

अर्ध्या रोपणात वाटीला हात लावत नाहीत. ऑस्टिन मूर व थॉम्पसन हे जुने एकसंध गोळे. बायपोलर या नंतरच्या प्रकारात मोठ्या कवचात लहान गोळा फिरतो. वाटीची झीज त्याने कमी व्हावी ही अपेक्षा होती, पण बेताचे चालणाऱ्या रुग्णांत दोन्हींच्या परिणामांत फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा माप महत्त्वाचे. काढलेला गोळा मोजून त्याच मापाचा नमुना वाटीत घालून पाहतात. गोळा मोठा झाला तर तो वाटीच्या काठावर अडतो, दुखतो, निखळतो. लहान झाला तर मधल्या एकाच जागी दाबून कूर्चा खातो.

पूर्ण रोपणात वाटीही बदलते, म्हणून पुढे वाटी झिजून दुखण्याचा प्रश्न राहत नाही. मात्र शस्त्रक्रिया लांबते, रक्त जास्त जाते आणि सांधा निखळण्याचा धोका वाढतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १,५०० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण पूर्ण रोपणात ७.९ टक्के, अर्ध्यात ८.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते; सांधा अस्थिर होण्याचे मात्र ४.७ विरुद्ध २.४ टक्के. हालचालीतला फायदा थोडाच दिसला. म्हणून ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे पूर्ण रोपण अशांना सुचवतात, जे फार तर एक काठी घेऊन बाहेर स्वतः फिरत होते, ज्यांना शस्त्रक्रिया झेपेल आणि जे दोन वर्षांनंतरही आपली कामे आपण करतील असा अंदाज आहे. स्मृतिभ्रंश असलेल्याला ‘पाय असा वळवू नका’ हे लक्षात राहत नाही. त्याला अर्धे रोपणच बरे. आपल्याकडे मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसायचा संडास या सवयी असतात; असे बसताना सांधा निखळू शकतो, त्यामुळे घरात कमोड आणि उंच खुर्ची आहे का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारावे.

ठिसूळ हाडात सिमेंट वापरावे. सिमेंटविना दांडा ठोकताना हाड तडकते, पुढे दांडा खाली सरकतो आणि मांडी दुखत राहते. ब्रिटनमधील २०२२ सालच्या चाचणीत रोपणाभोवती हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटने ०.५ टक्के, सिमेंटविना २.१ टक्के होते. सिमेंटचा धोका वेगळा आहे. एका पाकिटात साधारण ४० ग्रॅम पूड आणि २० मिली द्रव असतो. मिश्रण पोकळीत दाबताना मज्जेतली चरबी शिरेत ढकलली जाते. रक्तदाब व प्राणवायू एकाएकी घसरतात, क्वचित हृदय थांबते. त्यासाठी पोकळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन कोरडी करावी, खाली प्लग बसवावा, सिमेंट गनने तळापासून वर भरावे आणि भरण्याआधी भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगावे. हृदय-फुप्फुसे फारच कमकुवत असतील तर सिमेंट टाळण्याचा विचार भूलतज्ज्ञासोबत करावा.

रोपण कोणतेही असो, दाखल झाल्याच्या किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. तपासण्यांसाठी आठवडा गेला तर न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायात गुठळ्या ठरलेल्या. केवळ क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारे औषध) चालू आहे म्हणून थांबू नये. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकरवर पूर्ण भार देऊन उभे करावे. घरी जाताना हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध ठरलेले असावे: मूत्रपिंडे ठीक असतील आणि ड जीवनसत्त्व व कॅल्शियमची कमतरता भरून काढली असेल, तर पहिले दोन आठवडे उलटल्यावर झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून, वर्षातून एकदा.