‘प्रायमरी केअरमध्ये मॅच झाले’ आणि ‘प्रायमरी केअर करतात’ हे एकच नाही

डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) म्हणजे काय हे फार लांबवत नाही. अमेरिकेत एमडीसारखाच पूर्ण डॉक्टर, औषधं लिहितो, सर्जरी करतो, शिवाय हातांनी करायचे ऑस्टिओपॅथिक उपचार शिकतो, आणि २०२० पासून रेसिडेन्सीही, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंगही, दोघांची एकाच व्यवस्थेत आहे. पुण्यातल्या आजीला नात हाडवैद्य होतेय असं वाटत असेल तर तिला एवढं सांगितलं तरी पुरे.

खरा घोळ पुढे आहे. तिकडच्या मराठी घरांत मुलामुलींच्या अ‍ॅप्लिकेशनची चर्चा सुरू झाली की कुणीतरी म्हणतंच, अमुक डीओ कॉलेजचे एवढे टक्के पोरं प्रायमरी केअरमध्ये, म्हणजे नेहमीच्या घरच्या डॉक्टरच्या कामात, जातात, तमुकचे कमी. हा आकडा बहुतेक वेळा मार्चमधल्या मॅच डेचा असतो, म्हणजे कोण कुठल्या रेसिडेन्सीला लागलं त्याचा, आणि त्यात फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन (मोठ्या माणसांचे आजार) आणि पीडियाट्रिक्स (लहान मुलांचे) हे तिन्ही सरसकट एकत्र मोजलेले असतात. इंटर्नल मेडिसिनला लागलेला प्रत्येकजण पुढे बीपी-शुगरचे पेशंट वर्षानुवर्षं सांभाळणार असं धरून चालतात, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. तीन वर्षांची रेसिडेन्सी संपली की त्यातले कितीतरी आणखी तीन वर्षं फेलोशिप करून कार्डिऑलॉजी किंवा गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीला जातात. कितीतरी जण हॉस्पिटलिस्ट होतात, म्हणजे फक्त अॅडमिट झालेले पेशंट बघतात, सात दिवस काम सात दिवस सुट्टी, पेशंट डिस्चार्ज झाला की संबंध संपला. चांगलं काम आहे, गरजेचं आहे, पण ती प्रायमरी केअर नाही. पीडियाट्रिक्समधूनही बरेच जण एनआयसीयूसारख्या (नवजात बाळांचा आयसीयू) शाखांकडे वळतात.

त्याहून बारीक गोष्ट सांगते. मॅच लिस्ट उघडली की काही नावांपुढे ‘इंटर्नल मेडिसिन, प्रिलिमिनरी’ असं दिसतं. ही मुलं रेडिऑलॉजी, अ‍ॅनस्थेशिया, डर्मॅटॉलॉजी अशा शाखांना जाणारी असतात, मेडिसिनमध्ये फक्त पहिलं वर्ष काढतात. ती इंटर्नल मेडिसिनच्या खात्यात पडली की टक्केवारी फुगते. समजा शंभरच्या बॅचमध्ये दोन्ही कॉलेजांचे साठ-साठ ‘प्रायमरी केअर’ला गेलेत, पण एकीकडे त्यातले चाळीस फॅमिली मेडिसिनचे आणि दुसरीकडे पंधराच, तर दहा वर्षांनी चित्र सारखं राहणार नाही. म्हणून मी तरी आधी फॅमिली मेडिसिनचा आकडा वेगळा काढून बघते. तिथूनही काही जण स्पोर्ट्स मेडिसिनला किंवा इमर्जन्सीत जातात, पण गळती त्यामानाने कमी.

कॉलेजांच्या क्रमवाऱ्या काढणाऱ्या यूएस न्यूजने २०२१ मध्ये वेगळी यादी काढली, प्रायमरी केअरवर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट ग्रॅहॅम सेंटरच्या आकड्यांवरून, पदवी मिळून काही वर्षं झालेले लोक आज प्रत्यक्ष काय प्रॅक्टिस करतायत ती. मोजायचं तर असंच मोजावं. त्यात वरच्या जागांवर डीओ कॉलेजं भरपूर होती.

डीओ कॉलेजांमध्ये आपसात फरक का पडतो, तर मुलं कुठून घेता आणि तिसरं-चौथं वर्ष कुठे काढायला लावता, यावर बरंच ठरतं. केंटकीतलं पाइकव्हिल हे अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागासाठीच १९९७ मध्ये सुरू झालं. वेस्ट व्हर्जिनियाचं कॉलेज लुईसबर्गसारख्या छोट्या गावात आहे आणि क्लिनिकल वर्षांसाठी मुलांना राज्यभरातल्या हॉस्पिटलांत विखरून पाठवतं. ए. टी. स्टिल युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅरिझोनातल्या कॉलेजची मुलं तर दुसऱ्या वर्षापासूनच कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये बसतात, जिथे इन्शुरन्स नसलेले पेशंटही येतात. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रोटेशन (वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने शिकणं) केलेल्या मुलाला रोज स्पेशालिस्टच दिसतात, मग त्याला तेच व्हावंसं वाटलं तर नवल काय! डोक्यावरचं कर्ज वेगळंच, खासगी कॉलेजची फी भरून कमी पगाराची शाखा निवडायला हिंमत लागते.

इंटरव्ह्यूला गेलात तर ‘प्रायमरी केअरला किती जातात’ एवढंच विचारून थांबू नका. फॅमिली मेडिसिनला किती, प्रिलिमिनरीवाले वगळून किती, आणि पाच-सहा वर्षांपूर्वी पास झालेले आज ओपीडीत बसतात का हॉस्पिटलात, हे विचारा. मिशन स्टेटमेंटमध्ये ‘ग्रामीण सेवा’ लिहिणाऱ्या कॉलेजकडे तर याचं उत्तर तयार असलंच पाहिजे.