लांबचा रस्ता, कमी वेळ

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान पूर्वी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. तो मार्ग साधारण १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने हेच विमान उलट बाजूने, पॅसिफिकवरून पाठवलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोचलं!

हे समजायला आधी अंतराकडे बघू. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, चाळीस अंशांच्या थोडं वर. नकाशावर पट्टी ठेवून सरळ पूर्वेला गेलो तर सुमारे ५,९३० किलोमीटर भरतात. पण पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आपोआप उत्तरेकडे सरकतो, मध्यावर ४६ अंशांपर्यंत जातो आणि अंतर ५,७७० किलोमीटरच्या आसपास येतं. हा बृहद्‌वृत्ताचा मार्ग. विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा दिसतो, तो बहुधा हाच.

वेळ मात्र वारा ठरवतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. फेब्रुवारी २०२०मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं, ते याच वाऱ्याच्या जोरावर. पृथ्वी फिरते म्हणून पूर्वेचा प्रवास लवकर होतो, असा समज मात्र चुकीचा आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

जाताना मिळालेलं येताना फिटतं, असंही नाही, आणि मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. अंतर ६,००० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा घ्या: जाताना ६ तास, येताना साडेसात, एकूण साडेतेरा. दहा मिनिटांचा तोटा! कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणूनच उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग रोज वारा बघून नव्याने आखले जातात.

कधी आड येतं ते राजकारण. रशियाचं आकाश २०२२मध्ये युरोपीय विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास नऊ-दहा तासांवरून तेरा तासांच्या घरात गेला.

स्वतः अंदाज बांधायचा असेल तर बृहद्‌वृत्ताच्या अंतराला ९००ने भागा, विमान वर चढायला-उतरायला आणि धावपट्टीपर्यंत जायला अर्धा-पाऊण तास मिळवा. हिवाळ्यात पश्चिमेकडे लांबचा प्रवास असेल तर आणखी एक तास धरलेला बरा.