दहा लिटरची पेटी आणि सोलापूरचा मे महिना

जानेवारीत गड्ड्याची यात्रा ऐन भरात असताना मी भाच्यासाठी गेमिंगचा पीसी जोडला. बहिणीचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटांवर. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत भाच्याचा अभ्यास आणि खेळ, आणि त्याच खोलीत रात्री त्याचे आजोबा झोपतात. त्यामुळे अटी सरळ होत्या: पेटी लहान हवी, गेम अडखळता कामा नये आणि रात्री झोपमोड होता कामा नये.

कॅबिनेट घेतलं ते ३३ सेंटिमीटर लांब, २२ उंच आणि १४ रुंद. आतली जागा दहा लिटर, म्हणजे एका लहान बादलीएवढी. नेहमीचं टॉवर कॅबिनेट चाळीस-पन्नास लिटरचं असतं. आत १७ सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि लहान आकाराचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग. जानेवारीत खोलीचं तापमान २४ अंश होतं आणि पंखे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर गप्प फिरत होते. मी समाधानाने घरी परतलो.

मे महिन्यात बहिणीचा फोन आला. "अरे, तुझा तो डबा रात्रभर मिक्सरसारखा ओरडतोय. बिघडला की काय?"

बिघडलं काहीच नव्हतं. बदलली होती ती फक्त आत जाणारी हवा.

संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. त्यात गेम कितीही अवघड असो, सुटका नाही. आमच्या पेटीत कार्डाचे २०० वॅट, प्रोसेसरचे ७५ आणि बाकीच्या भागांचे ३५ धरले तर ३१० वॅट होतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे एका लहान बादलीत तीन माणसं कोंबल्यासारखं झालं.

ही उष्णता हवेने उचलून न्यायची असते, आणि हवा या कामाला फार दुबळी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, त्यात चाळीस अंशांचा उन्हाळा, त्यामुळे इथली हवा आणखी विरळ. तिचा एक लिटर दहा अंशांनी तापवायला जेमतेम पावणेअकरा ज्यूल पुरतात. तेवढ्याच पाण्याला जवळपास चार हजार पट लागले असते. मग ३१० वॅट बाहेर काढताना हवा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे २९ लिटर हवा पेटीतून जायला हवी. दहा लिटरची पेटी, आणि प्रत्येक सेकंदाला तिच्यातली हवा जवळपास तीनदा बदलायची! लहान पेटीचं सगळं अवघडपण या एका आकड्यात आहे.

कूलरचा, म्हणजे चिपची उष्णता हवेला देणाऱ्या भागाचा, हिशेब मात्र सोपा असतो. ठरावीक वेगाला तो दर वॅटमागे ठरावीक अंश चढू देतो. आमच्या प्रोसेसरवरचा कूलर ७० मिलिमीटर उंचीचा, बुटका. दर वॅटमागे ०.६ अंश चढतो असं मी मोजलं होतं. ७५ वॅटला झाले ४५ अंश. जानेवारीच्या २४ मध्ये ४५ मिळवा, ६९ होतात. मेमध्ये खोली ३९ अंशांवर होती, म्हणजे ८४ व्हायला हवे होते. परदेशातली परीक्षणं वीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेली असतात. ती वाचून कूलर निवडणाऱ्याने सोलापूरचा फरक आधी मिळवून घ्यावा, नाहीतर फसगत ठरलेली.

पण पडद्यावर ८४ दिसत नव्हते. दिसत होते ८९. या प्रोसेसरची मर्यादाच ८९ अंशांची. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे खरं तापमान त्याहून वर जायला बघत होतं आणि प्रोसेसर त्याला दाबून धरत होता. माझा हिशेब कुठेतरी चुकत होता.

कॅबिनेट ठेवलं होतं लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. जागा वाचावी म्हणून मीच सुचवलं होतं. तीन बाजू बंद, मागे आठ सेंटिमीटरची फट. मी बहिणीच्या घरातला साधा थर्मामीटर पेटीत हवा जाते त्या जाळीला टेकवून अर्धा तास गेम चालू ठेवला. खोलीत ३९, आणि जाळीपाशी ४७. पेटी बाहेर टाकलेली हवाच पुन्हा ओढून घेत होती. ४७ अधिक ४५ म्हणजे ९२. हिशेब जुळला. जानेवारीतही हेच होत असणार, पण तेव्हा हाताशी पंधरा अंशांची शिल्लक होती म्हणून चूक झाकली गेली.

आता आवाजाकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त प्रेम याच भागावर आहे.

पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाजाची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताने वाढते. दुप्पट वेगाला बत्तीसपट, म्हणजे १५ डेसिबल. दर दहा डेसिबलला आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, म्हणून ९०० वरून १८०० फेऱ्यांवर गेलेला पंखा कानाला जवळपास तिप्पट मोठा लागतो. हाच नियम उलटा वापरला की वाट सापडते. एका पंख्याऐवजी दोन घ्या आणि दोन्ही निम्म्या वेगाने फिरवा. हवा तेवढीच. निम्म्या वेगाने १५ डेसिबल गेले, दुसरा पंखा आला म्हणून ३ वाढले. निव्वळ १२ डेसिबलची बचत! 'सायलेंट' असं लिहिलेला महागडा पंखा घेऊन एवढा फरक पडत नाही. एक अडचण मात्र आहे. निम्म्या वेगाला पंख्याचा दाब पाव होतो. पुढे दाट जाळी किंवा काचेचं झाकण असेल तर मंद पंखा नुसता जागच्या जागी हवा घुसळत राहतो. म्हणून लहान कॅबिनेटची बाजू काचेची घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आतले दिवे दिसतात, पण श्वास कोंडतो.

त्याआधी मूळ उष्णताच कमी करता येते. चिपमधली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. कारखान्यातून कार्ड बाहेर पडताना सगळ्यात कच्च्या चिपलाही झेपेल असं व्होल्टेज लावलेलं असतं. बहुतेक चिपना तेवढ्याची गरज नसते. मी आमच्या कार्डाचं व्होल्टेज १.०५ वरून ०.९५ वर आणलं आणि वेग २७०० मेगाहर्ट्झवरून २५५० वर. वेगात साडेपाच टक्क्यांची घट, पण व्होल्टेजचा वर्ग मध्ये असल्यामुळे विजेत तेवीस टक्क्यांची. २०० वॅटचे झाले १५५. भाच्याला गेममध्ये फरक जाणवला नाही. मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. असं व्होल्टेज कमी करताना एक-एक पायरी उतरावी आणि प्रत्येक पायरीवर तासभर अवघड गेम चालवून बघावा. घाईत फार खाली गेलं की खेळता खेळता गेम बंद पडतो.

प्रोसेसरला ६० वॅटची मर्यादा घातली. त्याला ती जड गेली नाही, कारण त्याची ताकद घोडदौडीत नसून जवळच्या साठ्यात आहे. त्याच्या गाभ्यांच्या (कोअरच्या) चिपवर ६४ मेगाबाइटची जादा कॅशे थर देऊन बसवलेली आहे, एकूण ९६. गेमला लागणारी माहिती रॅमपर्यंत जाऊन आणण्यात वेळही जातो आणि वीजही. ती उशाशीच असली की दोन्ही वाचतं. याच थरामुळे एक तोटाही होतो: गाभ्यांची उष्णता या वरच्या थरातून बाहेर यावी लागते. पुढच्या ९८००एक्स३डीमध्ये म्हणूनच कॅशे खाली आणि गाभे वर असा बदल केला आहे.

बुटका कूलर ६० वॅट कसे पेलतो, याचं उत्तर त्याच्या तांब्याच्या चार नळ्यांत आहे. या हीटपाइप भरीव नसतात. आत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते. दाब इतका कमी की पाणी पन्नास अंशांनाही उकळतं. चिपकडच्या टोकाला वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या तांब्याच्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. पंप नाही, हलणारा भाग नाही. समईची वात तेल वर ओढते किंवा सोलापुरी टॉवेलचे फुगे अंगावरचं पाणी ओढून घेतात, तेच केशाकर्षण इथे पाण्याला चिपकडे परत आणतं. आणि वाफ होताना उष्णता घेण्याचा गुण तर आपल्या माठाचाच. माठातलं पाणी उडून जातं, इथलं कोंडलेलं असल्याने फिरत राहतं. ६० वॅट वाहून न्यायला किती पाणी लागतं? दर चाळीस सेकंदांना एका ग्रॅमची वाफ, बस्स. ही नळी अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये बनवून दाखवली.

पाण्यावर चालणारा तयार कूलर बसवावा का, असं भाच्याने विचारलं. मी नको म्हणालो. पाणी उष्णता छान वाहून नेतं, पण शेवटी ती रेडिएटरमधून हवेलाच द्यायची असते, आणि वर पंपाची गुणगुण कायमची मागे लागते.

मग पेटी कपाटातून बाहेर काढून टेबलावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवली. जाळीपाशी ४७ चे ४० झाले. वरच्या बाजूला हवा बाहेर टाकणारे १२० मिलिमीटरचे दोन पातळ पंखे लावले. एकूण उष्णता ३१० वरून २५० वॅटवर आली होती. रात्री पुन्हा बघितलं तर प्रोसेसर ७६, कार्ड ७१ आणि पंखे १०५० फेऱ्यांवर. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याला वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायला सांगितलं. एकसारखा सूर कान विसरून जातो. सारखा चढणारा-उतरणारा आवाज मात्र झोपेतून उठवतो.

कार्डातून एक बारीक किणकिण येत होती, तीही फक्त गेमच्या सुरुवातीच्या मेन्यूवर. तिथे काढायला काही नसल्याने कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, उधळत होतं, आणि त्या लयीत विजेचा प्रवाह बदलला की कार्डावरची वेटोळी थरथरतात. फ्रेमची मर्यादा मॉनिटर दाखवू शकतो तेवढ्या, सेकंदाला १४४ वर बांधली आणि किणकिण थांबली.

एवढं झाल्यावर मी तात्यांना, म्हणजे बहिणीच्या सासऱ्यांना विचारलं, आवाज येतो का. तात्यांनी बत्तीस वर्षं यंत्रमागावर काढली. धोट्याच्या खटखटाटात शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागायचं. आठ तासांच्या पाळीला आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. अशा आवाजाने कानाची हानी सुरू होते ती चार हजार हर्ट्झच्या आसपास. बारीक, तीव्र आवाज आधी हरवतात, जाड आवाज मागे उरतात.

तात्या म्हणाले, "पाव्हणं, मला आवाज न्हाई येत तेवढा. पण महिनाभर रातच्याला पलंग थरथरत होता की."

मी कपाटाकडे बघितलं. पलंगाची लोखंडी कड कपाटाला टेकलेली होती. मिनिटाला १८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला तीस हिसके. पेटीने ते कपाटाच्या पत्र्याला दिले, पत्रा हलगीच्या कातड्यासारखा थरथरला आणि थरथर पलंगातून तात्यांच्या अंगात गेली. मी इतके दिवस फक्त कानांचा विचार करत होतो. टेबलावर पेटीच्या चार पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दुहेरी तुकडे ठेवले. तात्यांनी टेबलावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसेच थांबले आणि मान हलवली. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपपेक्षा मला ती मान जास्त भरवशाची वाटते.

पूर्व भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे मागांची रुई. ती हवेत तरंगते आणि कूलरच्या पात्यांत अडकून तिची गादीच तयार होते. म्हणून हवा आत येते तिथे बारीक नायलॉनची जाळी लावली आहे, आणि भाचा दर दुसऱ्या रविवारी ती काढतो. आतली धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, हे त्याला शिकवलंय. वाऱ्याने भरधाव फिरला तर पंखाच जनित्र होतो आणि उलटी वीज मदरबोर्डात जाऊ शकते.

गेल्या खेपेला जाळीवरची रुई पातळ कापडासारखी अखंड सुटून आली. भाचा ती टाकायला निघाला होता. तात्यांनी ती हातात घेतली, दोन बोटांत चोळली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "चादरीची न्हाई ही. टॉवेलची हाय. सूत कमी पिळाचं असतंय तिचं."