ताळेबंदावरची सही: कंपन्यांच्या हिशेबातील नैतिक पेचाची पार्श्वभूमी

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेले पत्र बाहेर आले. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या घरात असलेला शेअर संध्याकाळपर्यंत ४० रुपयांच्या खाली गेला. पत्रातला हिशेब असा होता: ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ३७६ कोटींचे येणे व्याजही तसेच, कागदावरचे. १,२३० कोटींचे देणे पुस्तकांत आलेच नव्हते आणि ग्राहकांकडून येणी ४९० कोटींनी फुगवलेली होती. त्या तिमाहीचा खरा कार्यचालन नफा ६१ कोटी. जाहीर केलेला ६४९ कोटी. चारच महिन्यांपूर्वी याच कंपनीला उत्तम कॉर्पोरेट कारभाराचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हेही नोंदवून ठेवायला हवे.

हे वाघावर स्वार झाल्यासारखे होते, खाल्ले न जाता उतरायचे कसे ते कळत नव्हते, हे राजूंच्या पत्रातले वाक्य तेवढे सगळ्यांच्या लक्षात राहिले. हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. घसारा किती धरायचा, बुडीत कर्जाची तरतूद किती करायची, मालाची किंमत कशी लावायची, यांत मतभेदाला जागा असते. बँकेतल्या पैशात ती नसते. पैसे आहेत की नाहीत हे बँकेला विचारले की कळते. आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला, लागलेल्या मुलालासुद्धा हे पहिल्या वर्षी शिकवतात: बँकेला पत्र आपण पाठवायचे, उत्तर थेट आपल्याकडे मागवायचे, कंपनीच्या हातून आलेले पत्र धरायचे नाही. सत्यमचे वैधानिक लेखापरीक्षक, म्हणजे बाहेरून हिशेब तपासून सही करणारी पेढी, प्राइस वॉटरहाउस होते. अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्ये दिलेल्या आदेशांत नेमका हाच ठपका ठेवला: शिल्लक खात्रीच्या प्रक्रियेवरचा ताबा लेखापरीक्षकांनी कंपनीच्या व्यवस्थापनाकडे सोडून दिला होता. प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांनी त्या प्रकरणात एकूण ७५ लाख डॉलर दंड भरला.

हा नियम काही २००९ मध्ये नवा नव्हता. त्याची जन्मकथा तेव्हाच सत्तर वर्षे जुनी होती. १९३८ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा बुरखा फाटला. कंपनीचा अध्यक्ष एफ. डोनाल्ड कॉस्टर हा प्रत्यक्षात फिलिप मुझिका नावाचा, आधी शिक्षा भोगलेला ठग निघाला. सुमारे ८.७ कोटी डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळपास १.९ कोटींचा माल आणि येणी निव्वळ बनावट होती. गोदामात माल आहे का ते लेखापरीक्षकांनी जाऊन पाहिले नव्हते आणि ऋणकोंना पत्रे पाठवली नव्हती, कारण तशी सक्तीच नव्हती. त्यानंतर १९३९ मध्ये मालाची प्रत्यक्ष पाहणी आणि येण्यांची थेट खात्री हे लेखापरीक्षणाचे ठरीव भाग झाले. मॅकेसनचे लेखापरीक्षक होते प्राइस, वॉटरहाउस अँड कंपनी. पेढीचे नाव एक आहे म्हणून न्यूयॉर्कच्या चुकीचा जाब हैदराबादला विचारता येत नाही. पण नियम माहीत नव्हता, अशी सबब सांगायला जागा उरत नाही.

त्याहून मागे गेले तर १८९६ चा इंग्लंडमधला किंग्स्टन कॉटन मिलचा निकाल भेटतो. गिरणीच्या व्यवस्थापकाने वर्षानुवर्षे मालाचा साठा फुगवून दाखवला आणि लेखापरीक्षकांनी त्याचेच प्रमाणपत्र खरे मानले. अपील न्यायालयाने लेखापरीक्षकांना सोडले. न्यायमूर्ती लोप्स म्हणाले, लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. जगभरच्या वाणिज्य महाविद्यालयांत हे वाक्य आजही पाठ करून घेतात. आमच्याकडच्या नोट्समध्ये ते लाल शाईने अधोरेखित असायचे. मात्र राखणीच्या कुत्र्याने निदान भुंकावे, ही अपेक्षा त्या निकालातही होती. शंका येण्यासारखे काही दिसले तर तपास करायचाच, असे न्यायालयाने म्हटले होते. पुढच्या काळात पहिला अर्धा भाग सोयीने वापरला गेला.

भारतात हा व्यवसाय उभा राहिला तो मुंबईच्या आधाराने. १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाला पात्रतेची अट घातली, १९१८ मध्ये मुंबईत अकाउंटन्सीची सरकारी पदविका सुरू झाली आणि शिक्षणाचे केंद्र सिडनम महाविद्यालय होते. १९३२ च्या नियमांनी ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ अशी नोंदणी आली. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याने १ जुलैला आयसीएआय ही सनदी लेखापालांची, म्हणजे सीएंची, संस्था स्थापन झाली. संस्थेच्या बोधचिन्हात गरुड आहे आणि कठोपनिषदातले ‘य एष सुप्तेषु जागर्ति’ हे वचन आहे. ते श्रीअरविंदांनी सुचवल्याचे संस्था सांगते.

१९४९ च्या कायद्याला दोन परिशिष्टे आहेत आणि नैतिकतेचा सगळा कायदेशीर सांगाडा त्यांत आहे. माहीत असलेली महत्त्वाची बाब अहवालात न सांगणे आणि कामात घोर हयगय करणे, हे दोन्ही दुसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तन म्हणून दिले आहे. आणि अशिलाची माहिती संमतीशिवाय बाहेर देणे हेही तिथेच गैरवर्तन आहे. सांगितले नाही तर दोष, सांगितले तरी दोष. या दोन कलमांमधली वाट किती अरुंद आहे हे बाहेरच्याला सहज कळत नाही. कोणत्या प्रसंगी गोपनीयता मागे पडावी यावर पुढची साठ वर्षे कायदा जवळपास गप्प होता. आणि एक गोष्ट तेव्हापासून आजवर तशीच आहे: लेखापरीक्षकाची नेमणूक कागदोपत्री भागधारक करतात, पण नाव पुढे करणारे आणि फी ठरवणारे लोक त्याच कंपनीच्या वरच्या मजल्यावर बसतात. माझ्या मते सगळ्या प्रकरणांचे मूळ इथे आहे. बाकीचे नियम या गाठीच्या भोवती फिरतात.

२००१ मध्ये ती गाठ दाखवली खोट्या हिशेबांपायी बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे हे नाव महाराष्ट्रात आधीच घरोघरी पोचले होते. कंपनीची लेखापरीक्षक पेढी आर्थर अँडरसन हिला २००० या एका वर्षात लेखापरीक्षणाचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्ला व इतर कामांचे २.७ कोटी. ज्याच्या पुस्तकांवर शेरा मारायचा त्याच्याकडूनच त्याहून मोठे काम मिळत असेल, तर शेरा सौम्य होतो. कागदपत्रे नष्ट केल्याबद्दल अँडरसन जून २००२ मध्ये दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण तोवर पेढी संपली होती.

एन्रॉनपेक्षा मला वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीचे प्रकरण जास्त बोलके वाटते, कारण तिथे कसोटी बाहेरच्या ऑडिटरची नव्हती; आतल्या टेबलावर बसलेल्या अकाउंटंटची होती. ऑक्टोबर २००० मध्ये मिसिसिपीतल्या क्लिंटन येथील मुख्यालयात बेट्टी विन्सन या मधल्या फळीतल्या हिशेबनीस बाईंना वरून सांगण्यात आले: राखून ठेवलेल्या तरतुदींतले ८२.८ कोटी डॉलर काढून या तिमाहीचा खर्च कमी दाखवा. हे चूक आहे असे त्यांनी म्हटले. फक्त याच वेळी, असे उत्तर मिळाले. राजीनामा द्यायचा विचार त्यांनी केला. घरात जास्त पगार त्यांचाच होता. त्या राहिल्या. पुढच्या तिमाहीतही आकडा जमला नाही. मग इतर कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे, जो उघड उघड चालू खर्च होता, तो भांडवली खर्चात टाकला जाऊ लागला. अशा तिमाहीमागून तिमाही गेल्या. २००५ मध्ये त्यांना पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरकैद झाली. सगळा प्रकार उघड केला तो कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांच्या चमूने, तेही वरिष्ठांनी थांबायला सांगितले असताना.

अमेरिकेने जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा केला आणि लेखापरीक्षकांवर स्वतंत्र नियामक बसवला. भारतात सरकारने नेमलेल्या नरेश चंद्र समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. लेखापरीक्षकाने अशिलाची इतर कोणती कामे घेऊ नयेत, कामाचा दर्जा बाहेरून कसा तपासावा, असे बहुतेक प्रश्न त्यात आले होते. २००६ मध्ये सनदी लेखापाल कायद्यात दुरुस्ती होऊन दर्जा पडताळणी मंडळाची तरतूद झाली. मोठे बदल मात्र सत्यम बुडाल्यावरच झाले, वरातीमागून घोडे.

सत्यमच्या खटल्याचा निकाल एप्रिल २०१५ मध्ये लागला. दोषी ठरलेल्या दहा जणांत राजू बंधू होते, वित्तप्रमुख होते, लेखापरीक्षक पेढीचे दोन भागीदार होते. त्यात कंपनीच्या हिशेब विभागातले कर्मचारी आणि अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखही होते; पुढच्या महिन्यात अपिलात शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळाला. कर्मचाऱ्यांची नावे फार कुणाला आठवत नाहीत. पण हजारो खोटी बिले आपोआप तयार होत नाहीत, कुणीतरी ती रोज बसून संगणकात भरत असतो. डिसेंबर २००८ मध्ये, राजूंच्या पत्राच्या सुमारे तीन आठवडे आधी, आतल्या माहितीचा एक ईमेल कंपनीच्या एका संचालकाला आला होता. पाठवणाऱ्याने टोपणनाव घेतले होते. कंपनी पुढे पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने एप्रिल २००९ मध्ये घेतली आणि कर्मचाऱ्यांचे संसार वाचले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मग बरेच काही एका दमात केले. पेढीला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती, हिशेब लिहिणे, अंतर्गत लेखापरीक्षण, गुंतवणूक सल्ला अशी कामे त्याच अशिलाकडे करायला बंदी, आणि कलम १४३(१२): अधिकारी वा कर्मचाऱ्यांनी कंपनीत अफरातफर केल्याचे वाटले, तर ठराविक रकमेवरच्या प्रकरणात केंद्र सरकारला कळवायचे. एक कोटी रुपये ही ती मर्यादा नंतरच्या नियमांनी घातली. गोपनीयतेच्या जुन्या पेचावर कायद्याने दिलेले हे पहिले स्पष्ट उत्तर. कलम १३२ खाली लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण, म्हणजे एनएफआरए, नेमायचे होते. ती गोष्ट पाच वर्षे कागदावरच राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतला नीरव मोदी घोटाळा आला आणि प्राधिकरण १ ऑक्टोबर २०१८ रोजी स्थापन झाले. त्याच दिवशी सरकारने मुंबईतल्या आयएल अँड एफएस या, सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज असलेल्या पायाभूत सुविधा व वित्तपुरवठा समूहाचे संचालक मंडळ बरखास्त केले.

त्याच वर्षी आणखी एक पळवाट दिसली. अडचणीतल्या कंपन्यांचे लेखापरीक्षक वर्षाच्या मध्येच राजीनामे देऊ लागले, कारण ‘इतर कामांची व्यग्रता’. अहवालावर सही टळते, शेराही टळतो आणि भागधारकाला काही कळत नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने असे मध्येच उठून जाणे अवघड केले. आयएल अँड एफएसच्या लेखापरीक्षकांवर बंदी आणण्याची सरकारची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजीनामा दिल्याने कलम १४०(५) खालची, म्हणजे गैरप्रकारात सामील लेखापरीक्षकावर बंदी आणणारी, कारवाई संपत नाही.

मुंबईतल्या ठेवीदारांना हे सगळे कायद्याच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. एचडीआयएल या बांधकाम समूहाची थकीत कर्जखाती झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती यादीत घातल्याचा आरोप झाला. रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या कबुलीत व्यवस्थापकीय संचालकांनी म्हटले होते की वेळेच्या टंचाईमुळे लेखापरीक्षक फक्त वाढीव, म्हणजे नव्याने भर पडलेली, कर्जे तपासत. मार्च एंडिंगला शाखांच्या फेऱ्या मारलेल्या कुठल्याही सीएला या वाक्यातले सत्य आणि त्यातली लबाडी दोन्ही कळेल.

हे सगळे नियम बाहेरून येऊन सही करणाऱ्यासाठी आहेत. आत बसून नोंदी करणाऱ्यासाठी कायद्यात तुलनेने कमी आहे. २०१३ च्या कायद्याचे कलम १७७ सूचिबद्ध आणि काही इतर कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत यंत्रणा सक्तीची करते आणि तक्रारदाराचा छळ होऊ नये असेही म्हणते, पण ती यंत्रणा त्याच कंपनीची. २०१४ चा जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण कायदा सार्वजनिक सेवकांबद्दलच्या तक्रारींपुरता आहे. अमेरिकेत २०१० पासून अशी माहिती देणाऱ्याला दहा लाख डॉलरवरच्या वसुलीत १० ते ३० टक्के वाटा मिळतो. आपल्याकडे सेबीने २०१९ मध्ये बक्षीस योजना आणली आणि पुढे कमाल रक्कम १ कोटीवरून १० कोटी केली. ती अंतर्गत माहितीवर केलेल्या शेअर व्यवहारांसाठी आहे, खोट्या बिलांसाठी नाही.