निळ्या सीरमचं मूळ यकृतात

कॉपर पेप्टाइडचं निळसर सीरम आज चेहऱ्यासाठी विकलं जातं, पण त्याच्या शोधाचा चेहऱ्याशी काहीच संबंध नव्हता. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन पिकार्ट यकृतावर काम करत होते. वयस्कांच्या यकृताच्या पेशी तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्या, की त्या तरुण यकृतासारखी प्रथिनं बनवू लागतात, हे त्यांना दिसलं. मग तरुण रक्तात असं असतं तरी काय? १९७३ मध्ये मायकेल थेलर यांच्यासोबत त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन अमिनो आम्लांची ती एक चिमुकली साखळी, म्हणजेच पेप्टाइड, होती. तिलाच आज जीएचके म्हणतात. विशीत रक्तद्रवात ती मिलिलिटरमागे सुमारे २०० नॅनोग्रॅम असते आणि साठीपर्यंत ८० च्या आसपास उतरते, असं पिकार्ट यांनी नोंदवलं आहे.

तांबं या गोष्टीत नंतर आलं. ही साखळी तांब्याचा अणू घट्ट धरून ठेवते आणि तो पेशीत पोचवायला मदत करत असावी, अशी मांडणी १९८० मध्ये झाली. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्वचेला बळ देणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे एकमेकांत गुंफणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्याशिवाय चालतच नाही. मेन्केस या जन्मजात आजारात शरीराला तांबं नीट वापरता येत नाही. त्या बाळांचे केस ठिसूळ आणि पिळवटलेले असतात, त्वचा सैल पडते, रक्तवाहिन्यासुद्धा कमकुवत राहतात. (तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्याने हा पेप्टाइड मिळत नाही. त्या दोन गोष्टींची गल्लत फार होते.)

१९८८ मध्ये फ्रान्समधल्या रँस शहरात फ्रान्स्वा-झाव्हिए माकार यांच्या गटाने दाखवलं, की अत्यल्प मात्रेतलं जीएचके-तांबं त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतं. कोलॅजनच्या एका साखळीत जीएचकेचा हाच क्रम सापडतो. म्हणून जखमेत कोलॅजन तुटलं, की तिथेच दुरुस्तीचा निरोप सुटत असावा, ही कल्पना पुढे आली.

त्यामुळे पहिला रोख जखमांवर होता. पिकार्ट यांनी सिएटलजवळ काढलेल्या प्रोसाइट कंपनीने मधुमेहींच्या पायांवरच्या न भरणाऱ्या जखमांसाठी जेल तयार केलं. सुरुवातीचे निकाल उमेद देणारे होते, पण नव्वदच्या दशकात मोठ्या चाचणीत ते टिकले नाहीत. औषध म्हणून वाट बंद झाल्यावर सौंदर्यप्रसाधनांचं दार उघडंच होतं. तिथे औषधाइतका कडक पुरावा मागितला जात नाही. निळी बाटली घेणाऱ्या प्रत्येकाला निदान एवढं तरी माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

चेहऱ्यावरच्या चाचण्या झाल्या, पण बहुतेक छोट्या. लेसर उपचारानंतर या पेप्टाइडचं मलम लावलेल्या १३ जणांचा अभ्यास २००६ मध्ये आला. लालसरपणा ओसरण्यात ठळक फरक दिसला नाही, तरी मलम लावणाऱ्यांना आपली त्वचा सुधारल्यासारखी वाटली. प्रयोगशाळेतला पुरावा भक्कम आहे, चेहऱ्यावरचा अजून तोकडा.

अलीकडे काही जण हाच पेप्टाइड टोचूनही घेऊ लागले आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये त्याच्या इंजेक्शनचा समावेश सुरक्षिततेबाबत गंभीर शंका असलेल्या घटकांच्या यादीत केला. पेप्टाइडमधली अशुद्धी आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची उलट प्रतिक्रिया, ही भीती त्यामागे होती.