गळ टाकण्याआधी थर्मामीटर

अमेरिकेत मिशिगन-मिनेसोटाच्या तळ्यांवर गळ टाकून बसणाऱ्यांच्या डब्यात आमिषांची नुसती चंगळ असते. रबरी गांडुळं काय, चकाकणारे पत्रे काय! पण मासा कुठे असेल हे सांगणारी खरी वस्तू म्हणजे साधा थर्मामीटर. बास आणि ब्लूगिल या तिथल्या माशांचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम. पाणी थंडावलं की भूकही थंडावते.

दोघे एकाच कुळातले. ब्लूगिल तळहाताएवढा, तव्यात अख्खा मावणारा, म्हणून असल्या माशांना तिकडे ‘पॅनफिश’ म्हणतात. वसंतात काठचं उथळ पाणी आधी तापतं. ते 15-16 अंश सेल्सिअसवर गेलं की बासचा नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण बापाकडे. ब्लूगिल त्यानंतर, 20 अंशांच्या आसपास, खळग्याला खळगा लावून वसाहतच करतात. या दिवसांत बास भूक नसतानाही गळावर झडप घालतो, कारण समोर येईल तो त्याला अंडीचोर वाटतो. अशा वेळी त्याला पकडण्यात कसलं आलंय कसब? तो वर गेला की टपलेले ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात. मासा परत सोडला तरी तोवर खळगा रिकामा झालेला असू शकतो. आपल्याकडे वलगणीचे मासे पहिल्या पावसात शेतात चढतात तेही अंडी घालायलाच, आणि आपणही नेमके तेव्हाच धावतो.

उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात: वर गरम, हलकं पाणी, खाली गार, जड. शेवाळलेल्या तळ्यात खाली कुजणारा गाळ ऑक्सिजन संपवतो आणि वरचा खाली पोचत नाही. म्हणून ‘ऊन वाढलं की गळ खोल सोडा’ हा सल्ला अर्धाच खरा. मोठे ब्लूगिल थरांच्या सीमेच्या जरा वर सापडतात, बास पहाटे नि तिन्हीसांजेला पाणगवताच्या कडेला.

पानगळीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, वारा तळं ढवळतो, थर मोडतात आणि मासे पांगतात.

4 अंशांचं पाणी सर्वांत जड, म्हणून हिवाळ्यात बर्फ वर आणि त्यातल्या त्यात ऊब तळाशी. बर्फाला भोक पाडून बसणाऱ्यांना ब्लूगिल मिळतो, पण तो आमिष इतकं अलगद ओढतो की काठीच्या टोकाला बसवलेल्या बारीक स्प्रिंगकडे टक लावून बसावं लागतं. कधी तर ती खाली वाकतच नाही. मासा आमिष तोंडात धरून वर येतो, आणि वाकलेली स्प्रिंग हळूच सरळ होते.