ईव्ह ऑनलाइनच्या अपडेटची बातमी : घोषणेकडून वाटाघाटीकडे

ईव्ह ऑनलाइन या इंटरनेटवर खेळल्या जाणाऱ्या अंतराळ-खेळाचे पुढचे एक्सपान्शन, म्हणजे खेळात भर घालणारे मोठे अपडेट, केव्हा येणार आणि त्यात काय बदलणार, ही बातमी त्याचे खेळाडू व्यापाऱ्याने अर्थसंकल्प वाचावा तितक्या बारकाईने वाचतात. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने ६ मे २००३ रोजी हा खेळ सुरू केला, आणि चीनमधला स्वतंत्र सर्व्हर सोडला तर आजही सगळे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. तिथली जहाजे, दारूगोळा आणि बाजारातला बहुतेक माल खेळाडूच खाणकाम करून आणि कारखाने चालवून तयार करतात. त्यामुळे एखाद्या जहाजाला लागणाऱ्या खनिजांचे प्रमाण बदलणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी साठेबाजी सुरू होते आणि बदल होण्याआधीच भाव चढतात. या बाजाराचा अभ्यास करण्यासाठी कंपनीने २००७ मध्ये पूर्णवेळ अर्थतज्ज्ञच नेमला होता.

जिथे माहितीलाच मोल आहे, तिथे ती आधी कोणाला कळते हा प्रश्न उठणारच. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने, जो स्वतः खेळाडूही होता, आपल्या गटाला मौल्यवान ब्लूप्रिंट (खेळातल्या वस्तू बनवायला लागणारे आराखडे) परस्पर मिळवून दिल्याचे २००७ च्या सुरुवातीला उघड झाले आणि कंपनीच्या निःपक्षपातीपणावरचा विश्वास डळमळला. त्यानंतर, २००८ मध्ये, खेळाडूंनी मतदानाने निवडलेले ९ प्रतिनिधी असलेली ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ अस्तित्वात आली. हे प्रतिनिधी गुप्ततेच्या करारावर सही करतात, रेक्याविकला जाऊन खेळ घडवणाऱ्या विकासकांसमोर बसतात आणि येऊ घातलेले बदल इतरांच्या आधी पाहतात. त्यांना नकाराधिकार नाही. त्यामुळे ही परिषद शोभेपुरतीच असल्याची टीका पहिल्या दिवसापासून होत आली, आणि २०११ पर्यंत ती अगदीच चुकीची होती असे म्हणता येणार नाही.

त्या वर्षी २१ जूनला ‘इन्कार्ना’ हे एक्सपान्शन आले. लढाया आणि जहाजांमधल्या जुन्या त्रुटी दूर व्हाव्यात म्हणून खेळाडू कित्येक दिवस मागणी करत होते. त्यांच्या हाती आली ती मात्र आपल्या पात्राला चालता यावे अशी एक खोली आणि शोभेच्या कपड्यांचे दुकान, ज्यात एका डोळ्यावर लावायच्या चष्म्याची किंमत ६० डॉलरहून अधिक होती. त्याच सुमारास कंपनीचे अंतर्गत वार्तापत्र फुटले आणि खरे पैसे देऊन विकत घेता येणाऱ्या वस्तूंची तिथली चर्चा सर्वांसमोर आली. संतापलेल्या खेळाडूंनी जिता या सर्वांत मोठ्या बाजारपेठेत जमून तिथल्या स्मारकावर तोफा डागल्या. ते स्मारक फुटणारे नव्हतेच, परंतु निषेधाला तेवढे पुरले. परिषदेच्या सदस्यांना तातडीने रेक्याविकला बोलावण्यात आले. ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी हिल्मार व्हेगार पेटर्सन यांनी खेळाडूंची लेखी माफी मागितली, त्याच महिन्यात कंपनीने सुमारे २० टक्के कर्मचारी कमी केले, आणि नोव्हेंबरमधले ‘क्रुसिबल’ हे एक्सपान्शन जवळजवळ पूर्णपणे अंतराळातल्या छोट्या-मोठ्या दुरुस्त्यांना वाहिलेले होते. माझ्या मते अपडेटच्या घोषणेला वाटाघाटीचे रूप आले ते या सहा महिन्यांत.

काही बदल मागणीतून नव्हे, तर खेळाडूंच्या पराक्रमातून जन्माला आले. हजारो जहाजे एकाच ठिकाणी भिडली की सर्व्हर कोलमडत असे. म्हणून गर्दीच्या वेळी खेळातला काळच मूळ गतीच्या १० टक्क्यांपर्यंत संथ करण्याची सोय केली गेली. ती नसती तर २७ जानेवारी २०१४ रोजी एका प्रदेशाच्या ताब्याचे शुल्क भरायचे राहून गेल्यामुळे पेटलेली बी-आर५आरबी या तारामंडळातली लढाई २० तासांहून अधिक चालू शकली नसती. तीत ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजे, नष्ट झाले आणि एकूण नुकसान खऱ्या पैशांत सुमारे ३ लाख डॉलरचे मानले गेले. अवाढव्य ताफे काही मिनिटांत नकाशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचत असल्याने लहान गटांना वाव उरत नाही, ही तक्रार जुनीच होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या ‘फीबी’ या अपडेटने अशा दूरच्या उड्यांवर बंधने घातली. वर्षाला दोन मोठ्या एक्सपान्शनांची पद्धत सोडून काही आठवड्यांच्या अंतराने छोटे बदल देण्याची सुरुवातही २०१४ चीच.

ही पद्धत पुढे खेळाडूंना रुचली नाही, कारण बदल सतत होत राहिले तरी वाट पाहावी असे काही उरले नाही. २०१९ च्या जुलैमध्ये कायद्याचा अंमल नसलेल्या सीमेपलीकडच्या प्रदेशांत आसपासच्या खेळाडूंची यादी दिसेनाशी करण्याचा प्रयोग झाला आणि सप्टेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर खनिजांचा पुरवठा मुद्दाम आटवण्यात आला; जहाजे महागली आणि नाराजी साचत गेली. तशातच २०२२ मध्ये मासिक वर्गणी १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘अपरायझिंग’ आले आणि नाव दिलेल्या दोन वार्षिक एक्सपान्शनांचा जुना परिपाठ पुन्हा सुरू झाला : २०२३ मध्ये ‘व्हिरिडियन’ व ‘हॅवॉक’, २०२४ मध्ये ‘इक्विनॉक्स’ व ‘रेव्हेनंट’.

आता मोठा बदल साधारणपणे आधी परिषदेपुढे येतो, मग ‘सिंग्युलॅरिटी’ या चाचणी सर्व्हरवर खेळाडूंना तपासता येतो, आणि शेवटी मुख्य सर्व्हर रोज जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळी ११ वाजता थोडा वेळ बंद होतो तेव्हा लागू होतो. तोवर जिताच्या बाजारातले भाव बहुधा हललेले असतात.